झपकीलालसाठी पिठलं-भात

हौसाबाईंना हिंदी वाचता यायचं. फक्त ते समजायचं मराठीत.

कऱ्हाडकडच्या एका खेड्यात तिसरीपर्यंत त्यांनी पाटी घासली होती. पुढे शाळा सुटली आणि लग्न लागलं. नवरा हिंमतराव फौजेत. त्याच्या मागे बिऱ्हाड पाठीवर टाकून हौसाबाई चार मुलखांच्या छावण्या हिंडल्या, आणि बांगलादेशच्या लढाईनंतर तो नायब सुभेदार होऊन दिल्ली छावणीत आला तेव्हा त्यांच्या हातात पहिल्यांदा हिंदी पेपर पडला. बघतात तर काय, क, ख, ग सगळी मंडळी ओळखीची! अक्षरं आपली म्हटल्यावर शब्द दुसऱ्याचे कसे असतील? हौसाबाईंनी पदर खोचला आणि वाचायला घेतलं ते कायमचंच.

पेपर मात्र शिळा असायचा. हिंमतराव युनिटच्या ऑफिसातून आदल्या दिवशीचा पेपर खाकी स्वेटरच्या आत खुपसून घरी आणायचे. त्यामुळे त्यांच्या क्वार्टरांच्या ओळीत सोमवार मंगळवारी उजाडायचा. त्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. पहिल्या पानाकडे हौसाबाई ढुंकून बघत नसत. तिथे रोज तीच माणसं त्याच टोप्या घालून उभी. पेपर उलटा करायचा, शेवटच्या पानावर खाली नजर टाकायची. तिथे तीन चौकटी असायच्या आणि वर लिहिलेलं असायचं, 'बाबू झपकीलाल'.

झपकी म्हणजे हिंदीत डुलकी. हौसाबाईंच्या लेखी झपकीलाल म्हणजे झपझप काम करणारा. चित्रात तो रोज टेबलावर डोकं ठेवून घोरत असायचा, पण त्यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं.

"दमलाय बिचारा. एवढं झपझप केल्यावर माणूस दमायचाच की."

हा झपकीलाल सरकारी कारकून. डोकं वाटाण्यासारखं, मिशी म्हणजे पेन्सिलीचे दोन फराटे, आणि उन्हाळा असो की थंडी, गळ्यात मफलर. काढायला असा सोपा की कुणीही म्हणावं, हा तर मीपण काढीन. हौसाबाईंनी एकदा चुलीतल्या कोळशाने भिंतीवर काढून बघितला, तर तो वाटाणाच राहिला. झपकीलाल झालाच नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक रेघ नीट बघायला लागल्या, आणि त्यांना एक गंमत सापडली. तोंड हसरं असो की रडवं, झपकीलालच्या मनातलं खरं काय ते मफलरचं टोक सांगायचं. साहेबासमोर तोंडाने "जी हाँ, जी हाँ" आणि मफलरचं टोक मात्र मागच्या मागे शेपटीसारखं ताठ. घरी बायको बोलायला लागली की टोक खाली लोंबायचं. ही गोष्ट हौसाबाईंनी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

थंडीत क्वार्टरांच्या मागे दुपारी ऊन यायचं. तिथे बाजेवर हौसाबाई बसायच्या. नऊवारी लुगडं, वर नवऱ्याचा जुना स्वेटर, पायांत फौजी मोजे. बायका विणकाम, मुळे, शेंगा घेऊन जमायच्या. सांगलीकडची गिरिजा, नुकती लग्न होऊन आलेली. सोलापूरकडची सुमित्रा, अंगाने भरलेली आणि कशावरच चटकन विश्वास न ठेवणारी. आणि केरळची अम्मिणी. अम्मिणी हिंदी शिकली ती हौसाबाईंकडून. त्यामुळे तिचं हिंदी दिल्लीत कुणालाच कळत नसे. कऱ्हाडात मात्र सहज कळलं असतं.

"हां, काय म्हणतोय आज?" सुमित्रा विचारायची.

हौसाबाई चष्मा नाकावर चढवायच्या. "'बड़े बाबू को आपत्ति है.' अरे देवा. मोठ्या बाबूंवर आपत्ती आली गं."

"आता काय झालं त्यांना?"

"ते लिहिलेलं नाही. हात वर केलाय बघ. पूर आला असेल."

बड़े बाबूंनी हात वर केला होता तो हरकत घ्यायला. पण बायका पुरात सापडलेल्या बड़े बाबूंसाठी हळहळल्या आणि दुसऱ्या दिवशी ते कोरडेठाक, हसत उभे दिसल्यावर त्यांना खरंच बरं वाटलं. एकदा झपकीलाल म्हणाला की, 'बच्चों को शिक्षा देना हमारा धर्म है', तेव्हा गिरिजाने घरी जाऊन उगीचच शेजारणीच्या पोराला एक चापट दिली.

दिल्लीत आल्या आल्या हौसाबाईंचे काय हाल झाले होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाडीवाल्याकडे भाजी घ्यायला गेल्या की बोलायच्या आधीच मागे बायका फिदीफिदी हसायच्या. घरात पोरगी उल्का केंद्रीय विद्यालयात जाणारी, ती "आई, यार, तू चुप रह" म्हणायची. बोलायचं कुणाशी, तर भांड्यांशी. झपकीलाल भेटला आणि हौसाबाईंची बाज भरली. आता बायका म्हणायच्या, "हौसाकाकी, आम्ही आल्याशिवाय उघडू नका हं पेपर." एवढं सुख माणसाला पुष्कळ होतं.

त्या थंडीत झपकीलालचं भांडण लागलं होतं ते खुर्चीवरून. ऑफिसच्या खिडकीशी ऊन यायचं, आणि त्या उन्हातली एकुलती एक खुर्ची झपकीलाललाही हवी होती आणि बड़े बाबूंनाही. 'कुर्सी खाली है', असं वाचून हौसाबाई म्हणाल्या, "खालीच असणार. खुर्ची वर कशाला जाईल?" पण भांडण सगळ्यांना कळत होतं. उन्हाच्या जागेसाठी भांडण म्हणजे काय, ते दिल्लीच्या थंडीत कुणाला समजावून सांगायला लागत नाही. बाजेच्या दक्षिणेच्या कोपऱ्यासाठी सुमित्रा आणि अम्मिणी अशाच रोज धुसफुसायच्या.

बायकांत दोन पक्ष पडले. हौसाबाई झपकीलालच्या. सुमित्रा बड़े बाबूंची, कारण वयाचा मान.

आणि मग एके दिवशी पहिल्या चौकटीत आलं, 'आज दफ़्तर में राज़ीनामा हो गया'. मधली चौकट मुकी. तिसरीत झपकीलाल आणि बड़े बाबू एकाच खुर्चीत मांडीला मांडी लावून कोंबलेले, आणि दोघांवर ऊन.

हौसाबाईंनी चष्मा काढला.

"काय झालं काकी?"

"राजीनामा दिला गं त्याने."

बाजेवर शेंगा फोडायचा आवाज थांबला. सुमित्राने सुई लोकरीत खुपसली. "आणि मग शेजारी शेजारी काय बसलेत?"

"निरोप आहे तो. जाता जाता म्हणाला असेल, एकदा बसू द्या उन्हात." हौसाबाईंनी पदराने चष्मा पुसला. "बायकापोरं आहेत त्याला. कुठं जाणार आता?"

अम्मिणीने डोळ्याला पदर लावला. तिला राजीनामा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सगळ्याच गप्प बसल्या होत्या.

शाळेतून आलेल्या उल्काने दप्तर टाकत चित्र बघितलं आणि ती हसायला लागली. "आई, राज़ीनामा मतलब समझौता. कट्टी संपली त्यांची. दोघं राज़ी झाले, म्हणून राज़ीनामा."

"हो का? काल परातीला 'वो बड़ी वाली थाळी' कोण म्हणालं? परात म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि मला राजीनामा शिकवतेय. जा, हातपाय धू."

"अरे पण बिल्कुल..."

"बिल्कुल धू."

झालं. त्यानंतर हौसाबाईंनी उल्काला शब्द विचारायचा नाही असं ठरवून टाकलं.

पुढच्या दिवशी तीन चौकटींच्या जागी केसांच्या तेलाची बाटली होती. त्याच्या पुढच्या दिवशीही बाटलीच. बाटलीच्या शेजारी एक बाई लांब केस सोडून हसत उभी. हौसाबाईंनी जाहिरातच वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण बाटलीचं पुढे काय होणार याची बायकांना काडीची उत्सुकता नव्हती. अम्मिणी भात टाकायला लवकर उठली. दुसऱ्या दिवशी गिरिजा आलीच नाही. उन्हात बसायचं तर म्हणे तिच्या दारातही ऊन येतं. हौसाबाई एकट्याच बाजेवर मुळा खात बसल्या. दक्षिणेचा कोपरा मोकळा होता आणि त्यासाठी भांडायलाही कुणी नव्हतं.

मग एका संध्याकाळी हिंमतरावांनी आणलेल्या पेपरात बाटलीच्या खाली एक ओळ दिसली. ओळीभोवती काळी रेघ होती.

'चित्रकार अवकाश पर हैं.'

हौसाबाई खालीच बसल्या. "अवो, इकडं या. गेला."

"कोण गेला?"

"चित्र काढणारा. अवकाशात गेला म्हणून लिहिलंय. भोवती काळी रेघ आहे बघा, तेराव्याच्या पत्रिकेला असते तशी."

आता शुद्ध हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. पण फौजेत सुट्टीला छुट्टी म्हणतात. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हिंमतरावांनी किती छुट्ट्या मागितल्या आणि किती नाकारल्या गेल्या याची गणती नाही. अवकाश मात्र त्यांनी एकदाही मागितला नव्हता. त्यांना माहीत होता तो रेडिओवरचा अवकाश, ज्यात उपग्रह फिरतात. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि टोपी काढली.

"ऊपर गया," ते म्हणाले.

"तरीच झपकीलालला राजीनामा द्यायला लावला. कळलं असेल त्यांना आधी. मागं कुणाच्या तोंडाकडं बघायला लागू नये म्हणून सगळं आवरून गेले." हौसाबाई उठल्या. "उद्या जायचं."

"कुठे?"

"त्यांच्या घरी. सुतक आहे, चूल पेटली नसेल. पिठलं-भात घेऊन जायला नको?"

हिंमतरावांनी मान हलवली. गावाकडे कुणी गेलं की त्या घरी पिठलं-भात पोचवायचा, यात बोलण्यासारखं काय आहे? कोण कुठला चित्रकार हा प्रश्न त्यांना पडला असेल, पण गेली दोन वर्षं बायको रोज संध्याकाळी त्या माणसाची चित्रं बघून हसत होती. त्यांनी पेटीतून ब्लेझर काढला आणि पदकं पुसायला घेतली.

सकाळी हौसाबाई साधं फिकं लुगडं नेसल्या. पितळी डब्यात खाली भात, वर पिठलं, फडक्यात गच्च बांधलेलं. बसमध्ये कंडक्टरने डब्याकडे बघून विचारलं, "माताजी, इसमें क्या है?" तर हौसाबाई म्हणाल्या, "दुःख है." त्याने लगेच बसायला जागा करून दिली.

पेपरच्या कचेरीच्या दारात एक म्हातारा गढवाली चौकीदार होता. हिंमतरावांची पदकं दिसताच तो ताडकन उभा राहिला. तोही फौजेतलाच निघाला. हिंमतरावांनी त्याला झपकीलाल काढणाऱ्या चित्रकाराचं घर विचारलं.

"बनवारीजी?" तो म्हणाला. "वो तो अवकाश पर हैं, साब."

"मालूम है," हिंमतराव हळू आवाजात म्हणाले. "बहुत बुरा हुआ."

"हाँ साब, बड़ी तकलीफ़ थी. यहीं बैठे-बैठे रोते थे. आख़िर परसों निकल ही गई."

"जान," हौसाबाई पुटपुटल्या.

चौकीदार दाढेबद्दल बोलत होता. "चलो, छुटकारा मिला," तो म्हणाला. "आप घर हो आइए. ख़ुश हो जाएँगे."

हौसाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "खुश कसे होतील?"

"आत्म्याला शांती म्हणायचंय त्याला," हिंमतराव म्हणाले. "गढवाली आहे, बोलायची पद्धत वेगळी."

बनवारीजी लाजपत नगरमध्ये एका घराच्या बरसातीत राहायचे. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती एक खोली, उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ, आणि तिथे पोचेपर्यंत जिने इतके की हौसाबाई मधेच म्हणाल्या, "इथूनच वर गेले असतील. जवळच आहे." गच्चीत सांडगे वाळत घातले होते. रडण्याचा आवाज नव्हता. हिंमतरावांनी ब्लेझरचं बटण लावलं आणि कडी वाजवली.

दार उघडलं.

दारात एक माणूस उभा होता. हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधलेलं पांढरं फडकं, दोन्ही कानांत कापसाचे बोळे, तोंड पिठासारखं पांढरं.

"अगं आई गं!" हौसाबाई किंचाळल्या. "अजून न्यायचाच आहे!"

हिंमतरावांनी टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. फौजी माणूस, मृताला सॅल्यूट द्यायचा एवढं त्याला पाठ. पण मृताने सॅल्यूट बघून भुवया वर केल्या आणि म्हटलं, "हूँ?"

डबा सुटायचाच हातातून, पण पिठलं सांडणं हौसाबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तो पोटाशी धरला आणि देवांची नावं घ्यायला लागल्या. माणसाने तोंडाकडे बोट दाखवलं, मान हलवली, मग आत जाऊन एक कागद आणि पेन्सिल आणली. उभ्या उभ्याच त्याने तीन चौकटी आखल्या.

पहिल्या चौकटीत एक दाढ, हत्तीएवढी, आणि तिच्याखाली चिरडलेला माणूस. दुसरीत दातांचा डॉक्टर त्याच्या छातीवर पाय देऊन दोन्ही हातांनी चिमटा ओढतोय. तिसरीत दाढेला पंख फुटले आहेत आणि ती आभाळात चालली आहे.

कागदावर पेन्सिल फिरायला लागल्याबरोबर हौसाबाईंची भीती पळाली. हात ओळखीचा होता. तोच फराटा, तीच वाकडी रेघ.

"दाढ गेली होय! तुम्ही नाही?"

बनवारीजींनी छातीवर हात ठेवून मान लववली: मी नाही.

"अवो, हात खाली घ्या आता. जिवंत आहेत."

हिंमतरावांनी सॅल्यूट सोडला, पण जरा नाराजीने.

एवढ्यात जिन्यावरून बनवारीजींची बायको भाजीची पिशवी घेऊन वर आली. अनोळखी माणसं, पदकं, डबा, असं सगळं बघून तिला वाटलं लग्नाचं आमंत्रण आहे. तिने सगळ्यांना आत खाटेवर बसवलं. डबा उघडला. डॉक्टरने चावायला बंदी केलेली, त्यामुळे दोन दिवस बनवारीजी दूध पिऊन चिडचिडे झालेले. गरम नसलं तरी पिठलं मऊ होतं. ते गालाच्या एका बाजूने भराभर खायला लागले.

"ये कौन-सी कढ़ी है, बहनजी?" बायकोने कौतुकाने विचारलं. "किस मौक़े पर बनती है?"

हौसाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. पण हिंमतराव खोटं बोलायला शिकलेच नव्हते. "हमारे में आदमी मरता है ना," ते म्हणाले, "तब देते हैं."

बनवारीजींचा हात तोंडापाशी थांबला. खोलीत अगदी मुकी चौकट झाली. मग त्यांची बायको खाटेचा पाय धरून हसायला लागली. "तो महीने में एक बार मर जाया करो जी! आज पहली बार बिना नख़रे के खा रहे हो!"

सगळा घोळ मग उलगडला. अवकाश म्हणजे छुट्टी हे ऐकून हिंमतराव म्हणाले, "तो सीधा छुट्टी लिखना था." हौसाबाई लाजल्या, पण जिवंत माणूस समोर बसून पिठलं खातोय म्हटल्यावर लाजायला फार वेळ नव्हता.

"मग आता दाढ गेली. झपकीलाल कधी येणार?"

बनवारीजींनी ताटली बाजूला ठेवली आणि पुन्हा कागद घेतला. या वेळी पेन्सिल हळू चालली. पहिल्या चौकटीत तेलाची बाटली ऐटीत बसलेली आणि संपादक तिला कुरवाळतोय. दुसरीत झपकीलाल काखेत वळकटी घेऊन दाराबाहेर. तिसरी चौकट आखली, आणि तिच्यात काहीच काढलं नाही.

हौसाबाई त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिल्या. एरवी मुकी चौकट आली की त्यांना सगळ्यात जास्त हसू यायचं.

बायको म्हणाली, "बाटलीचे पैसे येतात, याला मात्र द्यावे लागतात, असं संपादकजी म्हणतात. काढून टाकलेलं नाही अजून. पण हेच हट्टाला पेटलेत. म्हणतात, मेरा झपकीलाल पढ़ता कौन है? लोग उस पर मूँगफली रखकर खाते हैं. उद्या जाऊन इस्तीफ़ा देणार आहेत." हे ती हिंदीतच म्हणाली, पण हौसाबाईंना एकच शब्द अडला.

"इस्तीफा म्हणजे हो?"

"राजीनामा," हिंमतराव म्हणाले.

हौसाबाईंनी मांडीवर हात मारला. "मी म्हटलंच होतं! राजीनामा आहेच! आणि ती कार्टी म्हणते समझौता!"

"नहीं बहनजी," बनवारीजींची बायको गोंधळून म्हणाली, "राज़ीनामा तो सुलह ही होती है."

तेव्हा बनवारीजींनी खुणेनं विचारलं, तुम्ही खुर्चीचं भांडण वाचलं होतंत? मग हौसाबाईंनी सांगायला सुरुवात केली. खुर्ची खालीच असते ते. निरोपाआधी उन्हात बसलेले दोघे. बड़े बाबूंवर आलेला पूर आणि त्यातून त्यांचं सुखरूप बाहेर येणं. शिक्षा देणं हा धर्म आहे म्हणून गिरिजाने मारलेली चापट. हिंमतराव मधे मधे हिंदी करत होते आणि ते हिंदी काही फार बरं नव्हतं. बनवारीजी जबडा दोन्ही हातांनी धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं की दुखण्याचं कळत नव्हतं. हात जोडून विनवत होते की थांबा.

हौसाबाई थांबल्या नाहीत. त्यांचा आता आवाज चढला होता.

"आणि शेंगांचं म्हणाल तर खातो आम्ही, पेपरवरच खातो. पण वाचून झाल्यावर. आधी नाही. आणि कोण वाचतं म्हणता? तोंडाने जी हाँ म्हणतो आणि मफलरचं टोक मागं ताठ होतं, ते कुणासाठी काढता तुम्ही? न बघणाऱ्यासाठी?"

हिंमतरावांनी भाषांतर केलं. बनवारीजींचं हसणं थांबलं. त्यांनी बायकोकडे बघितलं.

"मैंने तो आज सुना," ती म्हणाली.

"मधल्या चौकटीत कुणी बोलत नाही," हौसाबाई म्हणाल्या, "तिथं मीपण बोलत नाही. सुमित्रा म्हणते, पुढं काय, पुढं काय. मी म्हणते थांब. त्याला विचार करू दे. आता तुम्ही गेलात की माझ्याकडं बायका कशाला येतील? मुळा खायला? मुळा त्यांच्या घरी पण आहे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मेला असता तर गोष्ट वेगळी. जिवंत माणसाने असं करू नये."

हे शेवटचं हिंमतरावांनी भाषांतरित केलं नाही. पण बनवारीजींना कळलं असावं, कारण त्यांनी कागद ओढला, हात आडवा ठेवून लपवत काहीतरी काढायला लागले, आणि मधे मधे मान वर करून हौसाबाईंकडे बघायला लागले. परीक्षेत कॉपी करणारी पोरं बघतात तसे.

"काय काढताय?"

"हूँ हूँ," ते म्हणाले आणि कागद उशीखाली सरकवला.

घरी आल्यावर उल्काने सगळं ऐकलं आणि जमिनीवर लोळायचीच बाकी राहिली. "मुझसे पूछ लेते, यार! अवकाश आमच्या शाळेच्या डायरीत पण लिहिलेलं असतं!" हौसाबाईंनी तिला परात घासायला दिली.

पुढे बरेच दिवस बाटलीच येत राहिली. हिंमतराव संध्याकाळी पेपर देताना आधीच मान हलवायचे. हौसाबाई म्हणायच्या, "राहू दे, चूल पेटवायला होईल." बाजेवर मात्र त्या रोज बसत होत्या.

आणि एका संध्याकाळी हिंमतराव स्वेटरच्या आतून पेपर काढताना नुसतेच मिशीत हसत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी ओळ बाजेभोवती गोळा झाली. सुमित्रासकट. बाज कुरकुरली.

पहिल्या चौकटीत ऑफिसच्या दारात एक आडव्या बांध्याची बाई. नऊवारी, वर स्वेटर, हातात पितळी डबा. बड़े बाबू तिला म्हणताहेत, 'मौसीजी, झपकीलाल अवकाश पर है.' मधली चौकट मुकी: मौसी मान वर करून छताच्या पंख्याकडे बघते आहे. तिसरीत तिने पदर खोचलाय, डबा दातांत धरलाय, आणि शिडी लावून ती ऑफिसच्या छपरावर चढते आहे.

हौसाबाईंनी वाचलं. मधल्या चौकटीपाशी थांबल्या, नेहमीसारख्याच. मग बायका अशा हसल्या की पलीकडच्या ओळीतला पहारेकरी बघायला आला. अम्मिणी हसता हसता बाजेवरून घसरली आणि तिच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात सुमित्राने तेवढ्यात बसून घेतलं.

हौसाबाई हसत नव्हत्या. त्या पेपर डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

"हे नाक बघितलंस?"

"बघितलं," सुमित्रा म्हणाली. "भरताचं वांगं आहे."

"माझं असं आहे?"

सुमित्रा शेंगा फोडायला लागली. गिरिजा तर एकदम टाके मोजायला लागली.

संध्याकाळी हौसाबाई आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या; समोरून, मग बाजूने, मग दिव्याकडे वळून. हिंमतराव बूट पॉलिश करता करता बघत होते.

"तक्रार करायची का?" त्यांनी विचारलं. "रविवारी जाऊ या. सांगू, लहान करा म्हणून."

"लहान कशाला?" हौसाबाई आरशातून म्हणाल्या. "सकाळी भाजीच्या गाडीवर ती मागून हसणारी पंजाबी बाई लांबून हाका मारत आली, 'ओ मौसी, ओ मौसी' करत. लहान केलं तर ओळखणार कशी?" त्यांनी बोटाने नाकाचा शेंडा जरा वर उचलून बघितला. "पण सांगा त्यांना, एवढं नाक काढलंय तर त्यात नथ तरी घाला म्हणावं."